पंगतीत परत: श्रद्धा, अन्न आणि देह या अभ्यासाची प्रस्तावना

मार्काच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. मुलगी बारा वर्षांची. घरात रडारड चाललेली असते, येशू आत जातो, तिचा हात धरतो, ती उठून चालू लागते. उपदेशात ही गोष्ट बहुधा इथंच थांबते, कारण चमत्कार होऊन गेलेला असतो. मार्क मात्र थांबत नाही. मुलीच्या पोटात काहीतरी जाईल असं पाहायला येशूनं घरच्यांना बजावलं, हेही तो नोंदवतो. टीकाकार या ओळीवरून भराभर पुढे जातात. मुलगी खरोखर जिवंत झाली याचा पुरावा म्हणून त्या ओळीकडे पाहतात आणि सोडून देतात. पण ज्या घरात एखादी मुलगी महिनोन् महिने ताटाशी झगडते आहे, त्या घराला ती ओळ वेगळी ऐकू येते. तिथं चमत्कार आणि जेवण यांच्यात भांडण नाही, आणि जेवणाची जबाबदारी उठलेल्या मुलीवर एकटीवर टाकलेली नाही, घरावर टाकलेली आहे. या क्षेत्रात पहिल्यांदा येणाऱ्याचं स्वागत मी त्या ओळीनंच करतो.

हा अभ्यास नेमका कुणाचा, हा प्रश्न नव्या वाचकाला लगेच पडतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतो आजार माझा, आहारतज्ज्ञ म्हणते ताट माझं, इतिहासकार मध्ययुगीन संतिणींच्या चरित्रांवर हक्क सांगतो. पाळकाकडे तर आई मुलीला घेऊन पुष्कळदा सगळ्यांच्या आधी आलेली असते, कारण डॉक्टरकडे जावं इतकं काही झालंय असं घरात कुणाला वाटत नसतं. ‘प्रार्थना करा, पाळकसाहेब, ही जेवतच नाही.’ या चौघांनी एकमेकांचं वाचावं, निदान एकमेकांच्या चुका तरी टाळाव्यात, एवढ्यासाठी हे क्षेत्र आहे.

आजारांची ओळख थोडक्यात करून देतो. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये माणूस खाणं इतकं आवळत नेतो की शरीर उपाशी राहतं, तरी वजन वाढण्याची धास्ती सुटत नाही. बुलिमिया नर्व्होसामध्ये ताबा सुटल्यासारखं खाणं होतं आणि मग ते अंगाबाहेर काढण्याची, त्याचं प्रायश्चित्त घेण्याची धडपड. वजन चारचौघांसारखंच असल्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बिंज ईटिंगमध्ये तसंच खाणं असतं, त्यामागून येणारी शरम असते, पण ती धडपड नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या सूचीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली. या सगळ्यांच्या आजूबाजूला एक मोठा, नाव नसलेला प्रदेश पसरलेला आहे. आरशाचा तिरस्कार, फोटोत मागे लपणं, लग्नाच्या बाजारात तोलून घेतल्यासारखं वाटणं. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही, पण आजाराची वाट त्याच प्रदेशातून जाते.

हे नखरे नव्हेत आणि पापही नव्हे. जन्मजात ठेवण, वयात येताना होणारे बदल, परिपूर्णतेचा हट्ट, कुणीतरी सहज टाकलेला शेरा, कधी अत्याचार, कधी नुसतं एक डाएट, अशी कितीतरी कारणं एकमेकांत गुंततात. २०११ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून मांडलेल्या हिशेबानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे सहापट भरला. इतकी जीवघेणी मानसिक दुखणी फार थोडी आहेत. आणि हा रोग फक्त मुलींचा आणि फक्त आजकालचा असं ज्यांना वाटतं त्यांनी रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याचा १६८९ सालचा ग्रंथ पाहावा. त्यानं वर्णन केलेल्या दोन रुग्णांपैकी एक मुलगा होता, आणि तो एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता. गल आणि लासेग या डॉक्टरांनी आजाराला वैद्यकात पक्की जागा दिली ती त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८७३च्या सुमारास.

आता एका प्रयोगाकडे वळतो, कारण तो समजल्याशिवाय या विषयात कुणी कुणाला सल्ला देऊ नये असं माझं मत आहे. नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ या शरीरशास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण निवडले. महायुद्धानं युरोपात उपासमार माजवली होती आणि उपाशी माणसाला परत कसं जेवू घालावं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. ते शोधण्यासाठी हे तरुण स्वखुशीनं अर्धपोटी राहायला तयार झाले. ते सगळे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून बंदूक हाती घ्यायला नकार दिलेले होते, आणि त्यांतले पुष्कळजण ब्रेद्रेन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांतिवादी ख्रिस्ती मंडळ्यांतले होते. चोवीस आठवड्यांच्या अर्धपोटी काळात या समंजस माणसांचं काय झालं ते वाचताना अंगावर काटा येतो. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेक घास बराच वेळ चघळू लागले, ताटं चाटू लागले, मित्रांपासून तुटले, चिडचिडे आणि उदास झाले, सतत थंडीनं कुडकुडू लागले. परत भरपूर अन्न मिळू लागल्यावर काहींना थांबताच येईना, आणि ज्यांना आधी शरीराची कधी फिकीर नव्हती ते पोटावरच्या चरबीची तक्रार करू लागले. १९४६ साली या निरीक्षणांवरून मदतकार्यकर्त्यांसाठी एक छोटी पुस्तिका निघाली, ती ब्रेद्रेन मंडळीच्याच छापखान्यानं काढली. चार वर्षांनी दोन जाडजूड खंड आले.

या प्रयोगाचा आपल्या विषयाशी संबंध उघड आहे. अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलीत जे हट्टी, विचित्र, कधी ‘आध्यात्मिक’ वाटणारं वागणं दिसतं त्यातलं बरंचसं भुकेल्या मेंदूचं वागणं असतं. विश्वास भक्कम असलेल्या, दुसऱ्यांसाठी झीज सोसायला निघालेल्या तरुणांचंही तेच झालं. म्हणून ‘विश्वास वाढव, मग भूक लागेल’ हा क्रम उलटा आहे. एलीयाची गोष्ट इथं आठवावी. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूतानं आधी भाकर दिली, झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. देवाशी बोलणं होरेब डोंगरावर, कितीतरी नंतर झालं.

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये बसून हे लिहिण्याला एक खास कारण आहे. स्टेशनच्या या अंगाला इंग्रजांनी साहेबांसाठी आखलेला हा भाग. बंगल्यांची मोठी आवारं आता तुकड्यातुकड्यांनी विकली जाताहेत, पण चर्च आहे, मिशनच्या शाळा आहेत. याच शहरातल्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात १९२०च्या दशकापासून पाळक घडत आलेत. १९५६पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होती त्यातच जबलपूर होतं, त्यामुळे कचेरी, रेल्वे, कोर्ट यांच्या नोकऱ्यांतून मराठी घरं इथं रुजली; त्यांत थोडी ख्रिस्ती घरंही होती. उपासना हिंदीत, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असा त्या घरांतल्या मुलांचा दिवस जातो.

ते खास कारण हे: या भागातल्या ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत दुष्काळ आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत उजाड केला. अनाथ झालेली मुलं मिशनच्या अनाथालयांत वाढली, आणि इथली कितीतरी घराणी आपलं मूळ तिथपर्यंत नेतात. पहिल्या दुष्काळाची बातमी ऐकून पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली व विधवा बरोबर घेऊन गेल्या. त्यांचं केडगावचं मुक्ती सदन वाढलं ते त्यातून. रमाबाईंना हे दृश्य परकं नव्हतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग बहीण असे एकामागून एक उपासमारीनं खंगून गेले होते. त्यांच्या नंतरच्या आत्मकथनात एक गोष्ट मनाला फार लागते. ते कुटुंब नुसतं उपाशी नव्हतं, व्रतस्थही होतं. जवळचा पैसा दानधर्मात आणि तीर्थयात्रेत संपवून, देव प्रसन्न होईल या आशेनं उपासतापास करत ते उपासमारीत शिरले. धर्मानं घेतलेला उपास कुठं संपतो आणि परिस्थितीनं लादलेली भूक कुठं सुरू होते, ती रेघ रमाबाईंनी स्वतःच्या घरात पुसली जाताना पाहिली होती.

अशा स्मृतीच्या घरात ताटाला फार वजन येतं. पणजी अनाथालयात मोठी झालेली. तिनं वाढवलेल्या आजीच्या लेखी अंग भरणं म्हणजे देवाची कृपा आणि ताटात उरलेला घास म्हणजे अपराध. नातीच्या हातात फोन, आणि फोनमध्ये दिवसभर सपाट पोटांची मिरवणूक. दोघी एकाच टेबलाशी बसतात. आजी आग्रह करते, नात ताट सरकवते, आई मधे पडते, वडील ओरडतात. या घरात कुणीही वाईट नाही. पण भुकेची आठवण जपणाऱ्या पिढीला न खाणं हे बंड वाटतं, आणि नातीला तो आग्रह म्हणजे आपल्या देहावर केलेली चढाई वाटते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग सापडणार नाही. तो इथल्या अभ्यासकानं लिहायचा आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला अन्नाचं आणखी एक वळण ठाऊक आहे, आणि मला ते या सगळ्या अभ्यासाची किल्ली वाटतं. हा समाज घडतानाचा मोठा पेच कोण कुणाच्या हातचं खातो हा होता. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीनं पुन्हा वाचावीत. १८५७च्या धामधुमीनंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की घरात आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतली जाई आणि बायकापोरांच्या तोंडचा घासही त्या वेडातून सुटत नसे. लक्ष्मीबाई ते विनोदानं सांगतात, पण त्या घरातली अन्नाभोवतीची भीती आजच्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ओळखू येईल. पुढे १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंचा संघर्ष सिद्धान्तांपेक्षा चुलीभोवती आणि पाण्याच्या भांड्याभोवती जास्त झाला. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच कुणाच्याही हातचं खायचं असं त्या ठरवून बसल्या होत्या. त्यांचं परिवर्तन आधी ताटात झालं.

रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्यावरून खटके उडाले. आपल्या ताटात काय असावं हे धर्मगुरू ठरवणार की आपण, हा प्रश्न त्यांनी विनम्रपणे पण ठाम विचारला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रुग्णाला जेवू घालण्याच्या नावाखाली मंडळी तिच्यावर सत्ता गाजवू शकते, आणि न खाणं हा कधीकधी सत्ता नाकारण्याचा उरलेला एकमेव मार्ग असतो. लक्ष्मीबाई आणि रमाबाई या दोघींना बरोबर ठेवलं तर या अभ्यासाची कसोटी हाती लागते: खाण्याचा किंवा न खाण्याचा एखादा नियम माणसाला इतरांबरोबर बसवतो का, की त्यांच्यातून उठवतो, आणि बसवताना तो तिचा मान राखतो का.

ही कसोटी काही मी आज शोधलेली नाही. चौथ्या शतकाच्या मध्यास आशिया मायनरमध्ये गंग्रा इथं धर्मसभा भरली. तिच्यासमोर असे कडक तपस्वी होते की जे मांसाला विटाळ मानत, रविवारीही उपास करत आणि इतर विश्वासणाऱ्यांच्या प्रीतिभोजनांना जाणं हलकं समजत. सभेनं त्यांना दोषी ठरवलं. प्रीतिभोजनाचं आमंत्रण तुच्छ लेखणाऱ्यांसाठी तर वेगळा नियमच केला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला मार्सेयजवळ राहणाऱ्या कॅसियन या मठवासी लेखकानं इजिप्तच्या वाळवंटातल्या एका वृद्ध साधूची गोष्ट लिहून ठेवली. हेरो त्याचं नाव. पन्नास वर्षं त्यानं उपास इतका कडक पाळला की पुनरुत्थानाच्या सणालाही तो भावांबरोबर जेवायला बसेना; चार डाळीचे दाणे खाल्ले तर आपलं व्रत ढिलं पडेल अशी त्याला भीती. शेवटी प्रकाशाच्या रूपात आलेल्या भुलावणीला बळी पडून त्यानं विहिरीत उडी घेतली. कॅसियनचं निदान असं की अतिखाणं आणि अतिउपास ही दोन टोकं एकाच ठिकाणी नेऊन सोडतात. मला त्या गोष्टीतला सणाचा तपशील जास्त बोलका वाटतो. धोका पहिल्यांदा दिसला तो तिथं, जेव्हा सगळे जेवायला बसले आणि एकजण बसला नाही.

मध्ययुगाकडे येताना वाद पेटतो, आणि तो नव्या वाचकानं मनापासून वाचावा. सिएनाची कॅथरीन १३४७ साली जन्मली आणि तेहतिसाव्या वर्षी गेली. शेवटच्या वर्षांत प्रभुभोजनाखेरीज तिच्या पोटात फारसं काही टिकत नसे. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली ‘होली अ‍ॅनोरेक्सिया’ या पुस्तकात तिच्यासारख्या इटालियन संतिणींना आजच्या रुग्णांशेजारी बसवलं. दोन वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी ‘होली फीस्ट अँड होली फास्ट’मध्ये उत्तर दिलं, की त्या बायकांच्या जगात अन्न ही त्यांच्या हातातली सर्वांत मोठी सत्ता होती, त्यांच्या उपासाला भाकरीच्या आणि रक्ताच्या रूपकांचा अर्थ होता, आणि आजचं निदान त्यांच्यावर लादणं हा अन्याय आहे. इतिहासकार म्हणून बायनम बरोबर आहेत असं मला वाटतं. तरी समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीनं कॅथरीनचं चरित्र उशाशी ठेवलेलं असेल तर पाळकाला बेल यांचा प्रश्न टाळता येत नाही. आणि दोघांच्याही वादात मागे राहणारी एक गोष्ट कॅथरीनच्याच पत्रात आहे: आपल्याला इतरांसारखं खाता यावं म्हणून आपण देवाकडे प्रार्थना करतो, असं तिनं लिहिलं. ती आपल्या न खाण्याला व्याधी समजत होती. तिच्या भक्तांनी ते ऐकलं नाही.

भारतात हे आजार ओळखण्यात एक अडचण आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच तरुण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. त्या खात नव्हत्या, ओकत होत्या, खंगत होत्या, पण जाड होण्याची भीती पाश्चात्त्य पुस्तकांत असते तशी त्यांच्या बोलण्यात येत नव्हती. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांना त्याच सुमारास असंच दिसलं होतं. आपल्याकडे मुलगी म्हणते, पोट भरलेलं वाटतं, घास गिळवत नाही, मळमळतं. किंवा म्हणते, उपास आहे. हे शेवटचं उत्तर कुठल्याही धर्माच्या भारतीय घरात दार बंद करून टाकतं. एकादशी, चतुर्थी, सोळा सोमवार, किंवा ख्रिस्ती घरात उपासकाळाचे चाळीस दिवस आणि शुक्रवारची उपास-प्रार्थना. न खाणाऱ्या मुलीला कुणी अडवत नाही, उलट कौतुक करतं. म्हणून उपास किती दिवस केला यापेक्षा तो संपल्यावर काय झालं हे विचारावं. सगळ्यांनी सोडला तेव्हा हिनं सोडला का? सोडताना आनंद झाला की घाबरली?

मंडळीकडून होणाऱ्या इजेबद्दल संकोच न करता लिहायला हवं. देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे पौलाचं म्हणणं करिंथच्या मंडळीला वेगळ्या संदर्भात लिहिलेलं आहे. ते वजनकाट्यावर चढवून मुलींना ऐकवलं जातं. अमेरिकेत तर यातून अख्खा व्यवसाय उभा राहिला. १९५७ साली तिथं प्रार्थनेनं वजन उतरवण्याचं पुस्तक खपलं आणि पुढच्या दशकांत चर्चमधूनच डाएटचे वर्ग भरू लागले. मारी ग्रिफिथ यांनी ‘बॉर्न अगेन बॉडीज’ या २००४ सालच्या ग्रंथात त्याचा इतिहास सांगितला आहे. आपल्याकडे इतकी संघटित गोष्ट नाही, पण विवाहेच्छूंच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ, प्रार्थनाशील’ ही विशेषणं एका रांगेत बसतात आणि कुणाला खटकत नाहीत.

साक्षीचीही एक अडचण आहे. बरं झालेल्या माणसानं मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्याला कसं सोडवलं हे सांगावं, ही सुंदर परंपरा. पण साक्षीला शेवट लागतो, आणि या आजारातून बरं होणं वर्षानुवर्षं चालतं, मधे घसरणं होतं. एकदा साक्ष देऊन बसलेली मुलगी पुन्हा घसरली तर ती आता देवालाही खोटं पाडल्याच्या अपराधानं गप्प राहते. अशा मुलीला घाईनं व्यासपीठावर आणू नये एवढंच म्हणतो.

उपचाराच्या बाजूला मात्र भारतीय ख्रिस्ती संस्थांकडे अभिमानानं दाखवण्यासारखं काही आहे. ई. स्टॅनली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत मनानं कोलमडले होते. त्यांनीच १९५० साली लखनऊला नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केलं, जिथं औषध आणि प्रार्थना यांना एका छताखाली जागा होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९५०च्या दशकापासून मनोरुग्णाबरोबर घरचं माणूस राहील अशी पद्धत पाडली. जगात तेव्हा रुग्णाला घरापासून तोडण्याकडे कल होता. अ‍ॅनोरेक्सियाच्या बाबतीत तर आईबापांना दोषी धरून दूर ठेवत. तो कल उलटला तो लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या गटाच्या १९८७ सालच्या अभ्यासानंतर. कोवळ्या वयाच्या आणि आजार जुना न झालेल्या रुग्णांत घरच्यांना बरोबर घेऊन केलेले उपचार जास्त टिकले. आज किशोरवयीन मुलांसाठी हीच पद्धत आधी सुचवली जाते. आईबाप ताटाची जबाबदारी काही काळ आपल्याकडे घेतात, शेजारी बसतात, आजाराशी भांडतात आणि मुलीशी भांडत नाहीत. हळूहळू जबाबदारी तिच्याकडे परत जाते.

मग पाळकाचं काम काय? निदान करणं नव्हे. वजन झपाट्यानं उतरलं असेल, घेरी येत असेल, छातीत धडधडत असेल, ओकाऱ्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्तातल्या पोटॅशियमचा तोल बिघडला तर हृदय बंद पडू शकतं. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खाऊ घालणंही धोक्याचं, ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावं. घरात कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून आहे. हे सगळं मार्गी लागल्यावर पाळकाला आणि महिला समाजाला करण्यासारखं खूप उरतं. तिच्या अंगाबद्दल, बरं दिसण्याबद्दलसुद्धा, न बोलणं. जेवताना सोबत बसणं आणि ताटाकडे टक लावून न पाहणं. बोलायला दुसरे विषय ठेवणं. तिच्या मनातला देव कसा आहे हे विचारणं, कारण पुष्कळदा तो हिशेबनीस असतो. प्रभुभोजनाची भाकरसुद्धा कुणाला भीतीची वाटू शकते हे माहीत असणं आणि त्यावरून तिला न हिणवणं.

श्रद्धा उपयोगी पडते का, असं सरळ विचारणाऱ्याला संशोधनाचं उत्तर सरळ नाही. २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा निघाला. ज्यांची श्रद्धा आतून रुजलेली आणि देवाशी नातं निर्धास्त, त्यांच्यात खाण्याचे आणि देहप्रतिमेचे त्रास कमी दिसले. ज्यांची श्रद्धा वरवरची किंवा देवाशी नातं धास्तीचं, त्यांच्यात जास्त. यावरून कारण आणि परिणाम यांची दिशा कळत नाही. शिवाय हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतल्या, त्यातही गोऱ्या तरुणींवर झालेले आहेत. जिची पणजी दुष्काळातून आली, जी दलित ख्रिस्ती आहे आणि जिच्या हातचं शेजारी अजून खात नाहीत, अशा मुलीच्या देहलज्जेत काय काय मिसळलेलं असतं, हे त्यांत नाही. रंगाचा प्रश्नही नाही. मुलांचा, पुरुषांचा तर जवळजवळ नाहीच. जिमच्या आरशापुढे चाललेलं झुरणं आपल्याकडे अजून क्वचितच आजार म्हणून ओळखलं जातं.

नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी? आधी वैद्यक वाचावं, निदान मिनेसोटाचा प्रयोग आणि घरच्यांना बरोबर घेऊन करायच्या उपचारांची ओळख तरी. मग लक्ष्मीबाई आणि रमाबाई. कॅसियन आणि बायनम त्यानंतर. शास्त्रपाठ सगळ्यांत शेवटी उघडावेत असं मी मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्याला पाठ आहेत आणि पाठ असलेल्या ओळी आपण वाचत नाही. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय, कलस्सैकरांस पत्रातला चव आणि स्पर्श यांच्या नियमांवरचा भाग, पुनरुत्थित प्रभूनं सरोवराकाठी शिष्यांसाठी रांधलेली न्याहारी, आणि मार्काचा पाचवा अध्याय एवढे पुरेत.

ज्यांच्या हाती मंडळी आहे त्यांना मात्र इतकं वाचून होईपर्यंत थांबायची गरज नाही. रोमन कॅथलिक नियमात उपासाचं बंधन अठराव्या वर्षानंतर लागतं, साठीच्या उंबरठ्यावर सुटतं, आणि आजाऱ्याला ते नसतंच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम क्वचित, सगळं पाळकाच्या घोषणेवर चालतं. राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी त्या घोषणेत दोन वाक्यं घालता येतील: वाढत्या वयाच्या मुलांनी, गरोदर बायांनी, आजाऱ्यांनी आणि खाण्याचा त्रास ज्यांना कधीही झालाय त्यांनी अन्नाचा उपास करू नये, आणि का करत नाही हे त्यांना कुणी विचारू नये. पहिलं वाक्य बरेच पाळक आनंदानं म्हणतील. दुसऱ्यासाठी महिला समाजाशी आधी बोलून ठेवावं लागेल.